एका पानात तीनच रंग

२८ डिसेंबर, रविवार

पुन्हा फुली. सकाळपासूनची चौथी.

पहिली काठ जाड झाला म्हणून. दुसरी कशाबद्दल ते कळलंच नाही. तिसऱ्या वेळी निळा रंग पिवळ्यात उतरला. चौथ्या वेळी माझ्या मते सगळं बरोबर होतं. तरी विजयमालानं डाव्या मुठीत पेन धरलं – लहान मूल धरतं तसं – आणि पानावर वेडीवाकडी फुली ओढली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "नाही."

ऑगस्टमध्ये तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि बोलणं गेलं. पाच-सहा शब्द उरलेत. नाही, हो, चहा, रेघ, पायल. त्यातला 'नाही' सगळ्यात स्पष्ट. तो माझ्यासाठी राखून ठेवलाय.

आमच्या लेकीनं, पायलनं, पुण्याहून नव्या वर्षाचा प्लॅनर पाठवला. दरवर्षी पाठवते. प्रत्येक आठवड्याला दोन पानं, सात चौकोन, बाकी कोरं. ते कोरं सजवायचं. विजयमाला सहा वर्षं हेच करत आली. रविवारी दुपारी जेवण झालं की टेबलावर पेनं मांडायची आणि पुढच्या आठवड्याचं पान तयार करायची. आता हात चालत नाही, पण पान हवंच. म्हणून मी. आधी सुट्या कागदावर, तिला पटलं की मग प्लॅनरमध्ये.

एसटीत चौतीस वर्षं काढली. शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. दिवसाला दोनशेवर गाड्या, त्यांच्या वेळा, कोण ड्रायव्हर, कोण कंडक्टर – सगळं एका काळ्या बॉलपेननं. कुठं वेल नाही, फूल नाही. माझ्या अक्षरामुळं एक गाडी उशिरा सुटली नाही. आणि आता बासष्टाव्या वर्षी मी पट्टी घेऊन त्रिकोण रंगवतोय, आणि तेही चुकतायत.

२९ डिसेंबर, सोमवार

पाठ धरलीय. पान अजून अर्धंच.

१ जानेवारी, गुरुवार

नमुना बघायला तिच्या कपाटातले जुने प्लॅनर काढले. सहा आहेत. आजवर एकही उघडला नव्हता. घरात टेबलावर पडलेले असायचे, त्यावर मी चहाचा कप ठेवायचो आणि ती कप उचलायची.

सहा वर्षांत एक पान दुसऱ्यापेक्षा वेगळं नाही. डाव्या बाजूला इरकल साडीच्या काठासारखा उभा पट्टा, त्यात बारीक त्रिकोण. वारांची नावं गोल अक्षरांत, वरची रेघ न मारता. विटकरी रंगात घरातली कामं. निळ्यात बाहेर जाणं-येणं. पिवळ्यात तिला स्वतःला आवडणारं – कुठं साडीचं प्रदर्शन, कुठं एखाद्या जुन्या विद्यार्थिनीचं लग्न. चौथा रंग नाही. फोनवर एकदा कुणाला तरी सांगत होती ते आठवतं, "एका पानात तीनच रंग गं. चौथा आला की बाजार होतो."

मी तेव्हा पेपर वाचत होतो. मनात म्हणालो होतो, रिकामटेकडे धंदे.

कुंभारीच्या शाळेत सव्वीस वर्षं मास्तरीण होती. तिथल्या फळ्याच्या कडेची वेलबुट्टी तिचीच. घरकामाला येणाऱ्या केराबाई कुंभारीच्याच, त्यांची पोरगी हिच्या हाताखाली शिकली. केराबाई आज माझं पान बघून हसल्या. "साहेब, बाईंचा हात न्हाई चालत, पन डोळा चालतोय की. तुमाला सोडत्यात व्हय त्या?"

४ जानेवारी, रविवार

आज फुली नाही. तिनं पानावर बोट फिरवलं, काठावरून खालपर्यंत. मग पान उलटलं. बस्स.

तेवढ्यानं मला बरं वाटलं. त्याचाच राग आला.

७ जानेवारी, बुधवार

पायलचा फोन. "बाबा, आईला मी इकडं आणते. इथं रोज थेरपी मिळेल. तिकडं आठवड्यातून दोनदा मिळते."

"आणि मी?"

"तुम्हीही या."

"दोन खोल्यांत जावयाच्या घरी राहू? माळशिरसहून सोलापुरात येऊन चाळीस वर्षं स्वतःच्या छपराखाली राहिलोय."

"मग आईला तरी पाठवा. दोन-चार महिने."

"ती माझ्याशिवाय राहायची नाही," मी म्हणालो. "तिला उठवायचं, बसवायचं, सगळं माझ्याच हाताची सवय झालीय."

फोन स्पीकरवर होता. विजयमाला समोरच खुर्चीत होती, उजव्या हाताखाली उशी घेऊन. खिडकीतून बाहेर बघत होती.

११ जानेवारी, रविवार

संक्रांतीचा आठवडा कसा काढायची ते बघायला मागच्या वर्षीचा प्लॅनर उघडला. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांना पिवळी चौकट. ठीक. पण त्याच आठवड्यात दोन चौकोनांच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या तिरक्या रेघा होत्या. इतक्या फिकट की आधी दिसल्याच नव्हत्या. कागदाची सावली वाटावी अशा.

पुढचं पान. तीन चौकोन. त्याच्या पुढचं. चार.

पेन्सिल म्हणजे रंग नव्हे. तिचा नियम मोडत नाही. पण तिनं उगाच काही केलेलं नाही या सहा वह्यांत, एक रेघ नाही.

मी सगळे प्लॅनर खाली घेतले आणि मागून पुढं बघत गेलो. २०२०, २०२१ – एकही नाही. २०२२च्या पहिल्या पाच महिन्यांत नाही. जूनमध्ये दोन. दिवाळीपर्यंत महिन्याला चार-पाच. पुढच्या वर्षी सात, आठ. गेल्या जुलैत एकोणीस.

३१ मे २०२२ला मी निवृत्त झालो.

१२ जानेवारी, सोमवार

झोप नाही. पुन्हा तपासलं. कुठं चूक नाही. मी तीस दिवस मोजून दोनशे गाड्यांचा तक्ता लावणारा माणूस, मला सांगायला नको.

पाच दिवस मी पायलकडं पुण्याला गेलो होतो, ऑक्टोबर २०२३ला. ते पाच चौकोन बघितले. स्वच्छ. चार पिवळे.

म्हणजे मी घरात असलो की पेन्सिल. माझी हजेरी लावत होती. आणि मी सकाळी उठून तिच्या हातचा चहा पीत होतो.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

केराबाईंनी तिळगूळ दिला आणि गेल्या. रस्त्यावरून गड्ड्याला जाणाऱ्यांची वर्दळ. मी २०२५चा प्लॅनर विजयमालाच्या मांडीवर ठेवला, जुलैचं पान उघडलं आणि पेन्सिलीच्या रेघांवर बोट ठेवलं.

"हे माझ्यामुळं?"

ती रेघांकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. तोंड हललं, आवाज आला नाही. मी पुन्हा विचारलं. जरा जोरात विचारलं असेल.

"हो," ती म्हणाली.

१५ जानेवारी

तिळगूळ तसाच वाटीत आहे. मुंग्या लागल्या.

१८ जानेवारी, रविवार

पेनं काढली नाहीत. जेवण झाल्यावर तिनं डाव्या हातानं टेबलाकडं दाखवलं. "रेघ," म्हणाली. मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो.

स्टँडवर गेलो. ओळखीचं कुणी नाही आता. नियंत्रकाच्या खिडकीत नवा पोरगा, समोर कॉम्प्युटर. चहा घेतला. अक्कलकोट गाडी लागली, सुटली. पंढरपूर लागली, सुटली. मी बाकावर बसून वेळा बघत होतो. एक गाडी सतरा मिनिटं उशिरा. कुणाला काही वाटत नव्हतं.

मला शिव्या द्यायची सवय नाही. हात उचलला नाही कधी. दारूचा थेंब नाही. पगार पहिल्या तारखेला तिच्या हातात. मग पेन्सिल कशाबद्दल? जेवणात मीठ कमी म्हणालो त्याबद्दल? टीव्हीचा आवाज? दुपारी कुणी बायका आल्या की मी बाहेरच्या खोलीत बसून राहायचो, त्याबद्दल? माणसानं स्वतःच्या घरात बसायचं कुठं?

सहाला परत आलो. केराबाई दारातच. "कुटं गेलतासा? बाई दुपारधरनं तशाच बसल्यात वही घिऊन. जेवन बी अर्धं टाकलं. मी घरला जायाचं का न्हाई?"

प्लॅनर तिच्या मांडीवर उघडा होता. पान कोरं.

२१ जानेवारी, बुधवार

ती स्वतःच प्रयत्न करत होती. डाव्या हातानं. पट्टी धरायला दुसरा हात नाही, त्यामुळं पट्टी सरकत होती. काठ गटारासारखा वाहत गेला. विटकरी रंगाचा डाग पडला.

मी दारात उभा होतो. मदत करायची सोडून म्हणालो, "पेन्सिल देऊ का? ती चांगली जमते तुला."

तिला बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. समजतंही सगळं. रडली. आवाज न करता, एका बाजूनं. उजव्या बाजूचं तोंड रडत नाही आता.

केराबाईंनी तिचं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं नाही.

२२ जानेवारी

बोललो ते बोललो.

२५ जानेवारी, रविवार

पायल काल आली, जोडून सुट्टी म्हणून. आल्या आल्या प्लॅनर बघितला. "दोन आठवडे कोरे का बाबा?"

मी वाटच बघत होतो. सहाही प्लॅनर तिच्यापुढं टाकले. म्हणालो, "आधी हे बघ. तुझ्या आईनं माझ्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते बघ. तीन वर्षं. एक शब्द न बोलता." पानं उलटून दाखवली, महिने मोजून दाखवले. मी निवृत्त झालो ती तारीख सांगितली. पुण्याचे ते पाच दिवसही दाखवले.

ती ऐकत होती. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. मला वाटलं, पटलं हिला.

"बाबा," ती म्हणाली, "पेन्सिल म्हणजे डोकं."

"काय?"

"आईचं डोकं दुखायचं. ज्या दिवशी दुखायचं त्या दिवसाला ती पेन्सिल मारायची. मला फोनवर सांगितलं होतं तिनं. मी म्हटलं डॉक्टरांना दाखव, तर म्हणाली चष्म्याचा नंबर बदलला असेल. मी पण मग... मी पण सोडून दिलं."

"मी विचारलं तिला. ती हो म्हणाली."

"काय विचारलंत?"

मी सांगितलं.

"ती आता कशालाही हो म्हणते, बाबा. परवा फोनवर मी विचारलं जेवलीस का, तर हो म्हणाली, आणि केराबाई मागून सांगत होत्या अजून जेवायची आहे."

"आणि ते पुण्याचे पाच दिवस?"

"ते नाही मला माहीत." पान मिटत म्हणाली, "त्या दिवसांत नसेल दुखलं."

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलं तिनं?"

पायल प्लॅनर एकावर एक रचत होती. कोपऱ्याला कोपरा लावून, आईसारखे. "सांगितलं होतं म्हणाली. तुम्ही म्हणालात, दिवसभर त्या वहीत डोळे घालून बसतेस, दुखणारच."

२६ जानेवारी, सोमवार

म्हणालो होतो. आठवलं. एकदा नव्हे.

दुसरंही आठवलं. ऑगस्टमध्ये तिला स्ट्रेचरवरून आत नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "बीपी किती वर्षांपासून? डोकेदुखी, चक्कर, काही तक्रार?" मी ताठ मानेनं सांगितलं, "काही नाही साहेब. तिची कधी कुरकुर नाही." त्यांनी तेच लिहून घेतलं. लिहिलेलं तर घरी टेबलावर पडलं होतं. एक-एक दिवसाचं. त्याच्यावर माझ्या कपाचे गोल डाग आहेत, मी आज बघितले.

झटका आला तो आठवडाही बघितला. सोमवारी आला. पान रविवारीच तयार केलेलं. शुक्रवारच्या चौकोनात निळ्यात – 'कुंभारी शाळा, झेंडावंदन, ७.३०'. आदल्या पानावर, त्या रविवारच्या कोपऱ्यात पेन्सिल इतकी दाबलीय की कागद फाटलाय.

त्या रविवारी दुपारी मी काय करत होतो ते आठवत नाही. घरातच होतो.

२८ जानेवारी, बुधवार

बोलणं शिकवायला येतात त्या प्रियदर्शनी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, हो-नाहीवर जाऊ नका. समोर दोन वस्तू ठेवा, बोट दाखवू द्या. आणि घाई करू नका. त्यांना शब्द शोधायला वेळ लागतो. तुम्ही थांबत नाही, पुढचा प्रश्न विचारता."

मी म्हणालो, सवय आहे. खिडकीवर माणसं थांबलेली असायची.

त्या म्हणाल्या, "इथं एकच माणूस आहे."

१ फेब्रुवारी, रविवार

जेवण झाल्यावर पेनं मांडली. तिच्यासमोर बसलो. म्हणालो, "पेन्सिलीचं मला कळलं. पायलनं सांगितलं. त्या दिवशी बोललो ते चुकलं माझं." थांबलो. मॅडमनी सांगितलं होतं म्हणून थांबलो, खूप वेळ.

तिनं काठाकडं बोट केलं. "रेघ."

आज मीच माझी दोन पानं खराब ठरवली, तिच्या आधी. तिसरं बरं आलं. त्रिकोण आधी पेन्सिलीनं आखायचे, मग रंग, मग पेन्सिल खोडायची – हे मला आज समजलं, खोडरबर तिनं पुढं सरकवला तेव्हा. दोन आठवड्यांची कोरी पानंही भरली. तारखा गेल्या होत्या, तरी भरली. तिला हवी होती.

२१ जानेवारीचा डाग खोडता येत नाही. तो राहिला.

केराबाई म्हणाल्या, "आता कसं साळंतल्या फळ्यावानी दिसतंय."

५ फेब्रुवारी, गुरुवार

बीपी रोज दोनदा बघतो. प्लॅनरमध्येच लिहितो, विटकरीत. आज एकशे अडतीस. मॅडम खूश आहेत. दोन शब्द जोडून येतायत. "चहा नको." "पंखा बंद." मॅडम म्हणाल्या, वाक्य येईल.

८ फेब्रुवारी, रविवार

आजवरचं सगळ्यात चांगलं पान. २०२४च्या शेजारी ठेवलं तर पटकन फरक कळत नाही. ती बराच वेळ बघत होती. डाव्या हाताचा तळवा पानावर ठेवला आणि तसाच ठेवला.

पायलचा फोन आला. पुन्हा पुण्याचं काढलं. मी म्हणालो, आता ते डोक्यातून काढ. गाडी रुळावर आलीय. रविवारी दोघं मिळून पान करतो, बीपी ताब्यात आहे, केराबाई आहेत. आईचं सगळं इथं आहे.

"आईला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात?" मी म्हणालो.

पायल म्हणाली, शनिवारी येते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पायल आली. दोघी दुपारभर आत होत्या. दार लोटलेलं. मी दोनदा चहा नेऊन दिला. पायल हळू बोलत होती आणि मध्ये मध्ये थांबत होती, खूप वेळ थांबत होती. मला ते थांबणं ऐकू येत होतं.

मी बाहेर बसून पुढच्या आठवड्याचा काठ आखून ठेवला.

१५ फेब्रुवारी, रविवार

आजारानंतर आज ती पहिल्यांदा अख्खं वाक्य बोलली. माझ्याकडं बघून. एकेक शब्द शोधून, पण एकही चुकला नाही.

"मला पायलकडं जायचंय."

मी थांबलो. मग स्टूल घेतलं आणि माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली.